विंडोजमध्ये राहून लिनक्सची साधनं शिकताना: उंबरठा कुठे आहे ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्वतःचा विंडोज ११ चा लॅपटॉप, रॅम ८ जीबी, ती पुरेल का ही काळजी, आणि विंडोजमधलं कामही चालू ठेवायचं आहे. नव्या कामात सर्व्हरवरच्या लॉग (घडामोडींच्या नोंदींच्या) फायली आणि मोठ्या सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते) हाताळायच्या आहेत, टीममधले बाकीचे लिनक्सवर काम करतात. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोज सबसिस्टम फॉर लिनक्स, बसवून उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, सुरू केलं. पण डेस्कटॉपवरच्या फायली तिथे दिसत नाहीत, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमालीचं हळू चालतं आणि सहकाऱ्यानं दिलेली स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत अडून बसते. मग हे सगळं सोडून ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टम, सुरू करताना एक निवडायची) करावं, की आधी लिनक्सच्या आज्ञांचा एखादा कोर्स करावा?

माझं म्हणणं, दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको. सर्व्हर सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली आणि त्यातली शेवटची काही वर्षं नव्यानं रुजू होणाऱ्यांना विंडोजच्याच लॅपटॉपवर लिनक्स शिकवण्यात गेली. तुमच्या तिन्ही तक्रारी मी जवळजवळ प्रत्येकाकडून पहिल्या आठवड्यात ऐकलेल्या आहेत. आज्ञा पाठ नसल्यामुळे माणूस सहसा अडत नाही, त्या दोन-चार आठवड्यांत हातात बसतात. माणूस अडतो ते आपण आत्ता कोणाच्या घरात उभे आहोत हे न कळल्यामुळे. तुमच्या लॅपटॉपवर आता दोन घरं आहेत आणि त्यांच्यामध्ये एक उंबरठा आहे. तुमच्या तिन्ही अडचणी त्या उंबरठ्यावरच्या आहेत.

(आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

हा उंबरठा आला कुठून ते आधी सांगतो, कारण एकदा ते कळलं की अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. २०१६ मध्ये डब्ल्यूएसएल पहिल्यांदा विंडोज १० मध्ये आलं तेव्हा त्यात लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, नव्हतंच. कुठलाही प्रोग्राम फाइल उघडायची, मेमरी मागायची, नेटवर्कवर बोलायचं तर कर्नलला विनंती करतो. या विनंतीला सिस्टम कॉल म्हणतात. लिनक्सच्या प्रोग्रामनं केलेली विनंती मधल्यामध्ये झेलायची आणि विंडोजच्या एनटी कर्नलकडून ती पुरी करून द्यायची, असा एक दुभाषी मायक्रोसॉफ्टनं बसवला होता. कल्पना सुंदर होती. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं वाइन १९९३ पासून याच प्रकारचं काम उलट्या दिशेनं करत आलं आहे. पण लिनक्सच्या विनंत्या शेकड्यांनी आहेत, त्यातल्या बारीकसारीक खोडी आणखी वेगळ्या. दुभाष्याला प्रत्येक वाक्प्रचार येईना. डॉकरसारख्या (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या) गोष्टी त्यामुळे अडत राहिल्या.

म्हणून २०१९ मध्ये दुसरी आवृत्ती जाहीर झाली आणि २०२० च्या मे महिन्यात विंडोज १० मधून सगळ्यांच्या हाती आली. हिच्यात दुभाषी नाही. एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मशीनच्या आतल्या आभासी मशीनमध्ये, लिनक्सचं खरंखुरं कर्नल चालतं. हायपर-व्ही हे विंडोजचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन ज्या तंत्रावर उभं आहे तेच तंत्र इथे आहे, पण त्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागत नाही, होमवरही चालतं. तुम्ही आज ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ म्हणता तेव्हा हीच दुसरी आवृत्ती बसते. आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा: वेगळं मशीन आलं म्हणजे वेगळी डिस्क आली. तुमच्या उबुंटूच्या सगळ्या फायली विंडोजच्या दृष्टीनं एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये असतात. तिचं नाव ‘ईएक्सटी४.व्हीएचडीएक्स’. त्या फाइलच्या आत लिनक्सची ईएक्सटी४ फाइल सिस्टम आहे. बाहेर तुमची सी ड्राइव्ह, तिची फाइल सिस्टम (फायली मांडण्याची पद्धत) एनटीएफएस. झाली दोन घरं.

आता पहिली तक्रार. उबुंटू उघडून ‘एलएस’ (फायलींची यादी) केलं तर डेस्कटॉप दिसत नाही, कारण तुम्ही लिनक्सच्या घरात ‘/होम/तुमचं-नाव’ इथे आहात. विंडोजच्या घरात जायचं दार ‘/एमएनटी/सी’ इथे आहे. तुमचा डेस्कटॉप ‘/एमएनटी/सी/युजर्स/…/डेस्कटॉप’ मध्ये सापडेल. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत गेलेला असतो, तिथे बघा. उलट दिशेनं यायचं तर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्यात ‘\\डब्ल्यूएसएल.लोकलहोस्ट’ लिहा, किंवा लिनक्समध्ये ज्या फोल्डरमध्ये असाल तिथूनच ‘एक्सप्लोरर.ईएक्सई .’ म्हणा. शेवटचा टिंब विसरू नका, त्याचा अर्थ ‘मी आहे तेच फोल्डर’. समोर नेहमीची खिडकी उघडते. ही एक आज्ञा शिकवली की लोकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो असा माझा अनुभव आहे.

एक मात्र जिवापाड सांभाळा. ‘/एमएनटी/सी’ मध्ये जे दिसतं ती प्रत नाही, ती तुमचीच सी ड्राइव्ह आहे. तिथे ‘आरएम’ चालवलं की विंडोजची फाइल कायमची जाते. रिसायकल बिन मध्ये येत नाही. शिकण्याच्या काळात पुसापुशीचा सराव ‘/एमएनटी’ च्या आत कधीही करू नका.

दुसरी तक्रार गिटच्या संथपणाची. तुमचा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर आहे आणि गिट लिनक्समधून चालवताय, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. ‘गिट स्टेटस’ काय करतं? प्रोजेक्टमधल्या प्रत्येक फाइलपाशी जाऊन तिची वेळ, आकार, परवानग्या विचारतं. हजारो फायली म्हणजे हजारो बारक्या चौकश्या, आणि त्यातली प्रत्येक चौकशी उंबरठा ओलांडून जाते-येते. दोन घरांमध्ये ही ने-आण ९पी नावाच्या प्रोटोकॉलनं होते. बेल लॅब्जमधल्या ‘प्लॅन ९’ या ऑपरेटिंग सिस्टमसाठी तो बनला होता. एकच मोठी फाइल वाचायची असेल तर फारसं जाणवत नाही, पण छोट्या फायलींच्या ढिगाला फार महागात पडतं. म्हणूनच गिट, एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन), पायथनची पॅकेजं बसवणं हे सगळं ‘/एमएनटी/सी’ मध्ये रांगतं.

उपाय सरळ आहे: ज्या साधनानं काम करायचं त्याच्याच घरात फायली ठेवा. लिनक्सचं गिट वापरणार असाल तर प्रोजेक्ट ‘/होम’ मध्ये हवा. पण डेस्कटॉपवरचं फोल्डर तसंच कॉपी करून आणू नका, नव्यानं क्लोन करा, म्हणजे मूळ रिपॉझिटरीतून (प्रोजेक्टच्या गिट साठ्यातून) पूर्ण प्रत उतरवा. त्याचं कारण आहे. विंडोजमध्ये उतरवलेल्या फायलींची ओळीची टोकं बदललेली असू शकतात, आणि ‘/एमएनटी/सी’ मधली प्रत्येक फाइल लिनक्सला सर्वांना सर्व काही मुभा असलेली, म्हणजे ७७७ परवानगीची दिसते. तसं फोल्डर उचलून आणलं की गिट सांगू लागतं, ‘सगळ्याच फायली बदलल्या आहेत.’ नवशिका माणूस इथे घाबरतो आणि घाबरून काहीतरी कमिट (गिटमध्ये पक्की नोंद) करून बसतो.

परवानग्यांवरून आठवलं, एसएसएचची (दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्याच्या साधनाची) खाजगी किल्लीही विंडोजच्या बाजूला ठेवून वापरता येत नाही. ‘परवानग्या फार मोकळ्या आहेत’ म्हणून एसएसएच ती नाकारतं आणि तिथे ‘सीएचमॉड’ करूनही काही बदलत नाही. एनटीएफएसवर लिनक्सच्या परवानग्या नोंदवायच्या तर ‘मेटाडेटा’ नावाचा पर्याय माउंटमध्ये मुद्दाम द्यावा लागतो. त्या भानगडीत पडू नका. किल्ली ‘~/.एसएसएच’ मध्ये आणा, ‘सीएचमॉड ६००’ करा, झालं.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात छापखान्याच्या काळाची धूळ आहे. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन हालचाली लागत: छापणारा भाग डावीकडे परत नेणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. पहिलीचं चिन्ह कॅरेज रिटर्न (सीआर), दुसरीचं लाइन फीड (एलएफ). विंडोजनं दोन्ही चिन्हं ठेवली, युनिक्सनं फक्त दुसरं ठेवलं. आता स्क्रिप्टची पहिली ओळ ‘#!/बिन/बॅश’ अशी असते. ती कर्नल वाचतं आणि त्या नावाचा प्रोग्राम शोधतं. फाइल विंडोजच्या एडिटरमधून गेली असेल तर ‘बॅश’ च्या शेपटीला एक न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटलेलं असतं. त्या नावाचा प्रोग्राम जगात कुठेच नाही. म्हणून ‘बॅड इंटरप्रिटर’. स्क्रिप्टमध्ये चूक नाही, सहकाऱ्याचीही नाही.

खात्री करायची तर ‘फाइल स्क्रिप्ट.एसएच’ म्हणा. उत्तरात ‘सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ आलं की निदान पक्कं. ‘कॅट -ए’ (इथला ए कॅपिटल) केलं तर प्रत्येक ओळीच्या शेवटी ते चिन्ह डोळ्यांनी दिसतं. ‘डॉस२युनिक्स’ हे छोटं साधन बसवून ते काढून टाका. पण दुखणं पुन्हा येऊ नये म्हणून गिटमध्येही बघा: गिट फॉर विंडोज बसवताना नेहमीचाच पर्याय ठेवला तर तो फायली उतरवताना ओळींची टोकं विंडोजच्या पद्धतीची करतो. टीमच्या रिपॉझिटरीत ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइल घालून ‘.एसएच’ फायली कायम एलएफच राहतील असं एकदा लिहून टाकलं की सगळ्यांचाच प्रश्न मिटतो. तुमच्या टीममध्ये ती नसेल तर तुम्हीच सुचवा. नव्या माणसानं दिलेली ही पहिली उपयोगी भेट ठरेल.

आता एक चौथी अडचण, जी तुम्हाला अजून आलेली नाही पण मराठी मजकूर हाताळणार असाल तर हमखास येणार. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल या आज्ञा लिहायच्या साधनाच्या जुन्या आवृत्तीत, म्हणजे ५.१ मध्ये, ‘>’ नं फाइल लिहिली की ती यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवण्याच्या एका पद्धतीत) लिहिली जाते. लिनक्सची साधनं यूटीएफ-८ धरून चालतात. मग फाइलमध्ये शब्द डोळ्यांसमोर असतो आणि ‘ग्रेप’ (शब्द असलेल्या ओळी शोधणारं साधन) म्हणतं सापडला नाही. माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो अशी ही जागा आहे. इथेही ‘फाइल’ आज्ञाच खरं सांगते, आणि ‘आयकॉन्व्ह’ नं रूपांतर करून प्रश्न सुटतो. याउलट लिनक्समधून ‘क्लिप.ईएक्सई’ ला देवनागरी मजकूर दिला तर क्लिपबोर्डवर अगम्य चिन्हं येतात. तिथे आधी ‘आयकॉन्व्ह’ नं यूटीएफ-१६ एलई करून मग द्यायचं.

याच संदर्भात एक प्रयोग प्रत्येकाकडून करून घेतो. ‘प्रिंटएफ मराठी’ चं उत्तर पाइपनं (म्हणजे ‘|’ या चिन्हानं, जे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देतं) मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी -सी’ ला द्या, मग ‘डब्ल्यूसी -एम’ ला द्या. पहिलं १५ सांगतं, दुसरं ५. आपण मोजली तर अक्षरं ३: म, रा, ठी. १५ हे बाइट, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. ५ ही युनिकोडची चिन्हं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. एकाच शब्दाची तीन मापं, आणि प्रत्येक साधन यांपैकी कुठलं धरतं हे माहीत असावं लागतं. ‘टीआर’ बाइट धरतं, ‘कट -सी’ सुद्धा जीएनयूच्या आवृत्तीत बराच काळ बाइटच मोजत आलं आहे, त्यामुळे देवनागरी चिन्ह मधोमध तुटू शकतं. उबुंटूमध्ये ‘ऑक’ (ओळींतले रकाने काढणारं साधन) म्हणून नेहमी जे मिळतं ते मॉक, तेही लांबी बाइटांतच सांगत आलंय. मराठी मजकुरासाठी ‘गॉक’ बसवून घ्या किंवा सरळ पायथन वापरा. टर्मिनलमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली दिसली तर मात्र घाबरायचं कारण नाही. ती दाखवण्याची अडचण असते, फाइलमधला मजकूर शाबूत असतो. एडिटरमध्ये उघडून बघा. आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्ट पद्धतीत टाइप केलेल्या फायली मिळाल्या, तर त्या आतून युनिकोड नसतातच. त्यांच्यात मराठी शब्द शोधण्याआधी रूपांतर करावंच लागतं, दुसरा मार्ग नाही.

उंबरठ्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती भल्याभल्यांना चकवते. डब्ल्यूएसएल तुमच्या लिनक्सच्या ‘पाथ’ मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधायचे त्या फोल्डरांच्या यादीत, विंडोजची फोल्डरंही जोडतं. सोय मोठी आहे, त्यामुळेच लिनक्समधून ‘नोटपॅड.ईएक्सई’ चालतं. पण नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, एनपीएम त्याच्याच बरोबर येतं) विंडोजमध्ये बसवलेलं असेल आणि लिनक्समध्ये नसेल, तर उबुंटूत ‘एनपीएम’ म्हटल्यावर विंडोजचंच एनपीएम उठून कामाला लागतं, आणि पुढे ज्या चुका येतात त्यांचा अर्थच लागत नाही. आमच्याकडे एका मुलीचा अख्खा दिवस यात गेला होता. सवय लावून घ्या: एखादं साधन विचित्र वागलं की पहिला प्रश्न ‘टाइप -ए’ ला विचारायचा, की हे नेमकं कुठून येतंय? उत्तर ‘/एमएनटी/सी’ नं सुरू झालं की चोर सापडला. ही सरमिसळ अजिबात नको असेल तर ‘/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ’ मध्ये ‘इंटरॉप’ विभागात ‘अपेंडविंडोजपाथ’ ला ‘फॉल्स’ करता येतं. मी सुरुवातीला तसं करू नका म्हणेन. आधी उंबरठा ओलांडताना होणारा घोळ डोळ्यांनी बघितलेला बरा.

एडिटरचं म्हणाल तर व्हीएस कोड विंडोजमध्येच बसवा, त्याचं डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन घ्या आणि लिनक्सच्या फोल्डरमधून ‘कोड .’ म्हणा. खिडकी विंडोजची राहते, पण फायली वाचणारा आणि प्रोग्राम चालवणारा भाग लिनक्समध्ये चालतो. जे ज्या घरात हवं ते त्या घरात. फाइल बदलली की आपोआप पुन्हा सुरू होणारे सर्व्हरही मग नीट चालतात. प्रोजेक्ट ‘/एमएनटी/सी’ मध्ये असेल तर विंडोजमध्ये केलेल्या बदलाची खबर लिनक्सला पोचतच नाही आणि पान जुनंच दिसत राहतं.

नेटवर्कचं फार सांगत नाही. लिनक्समध्ये ‘पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ सुरू करून विंडोजच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा, दिसेल. उलट, विंडोजमधल्या डेटाबेसला लिनक्समधून लोकलहोस्ट म्हणून हाक मारली तर नेहमीच्या मांडणीत ती पोचत नाही, कारण लिनक्सचं लोकलहोस्ट म्हणजे लिनक्सचंच घर. तुमचं विंडोज ११ अद्ययावत असेल तर ‘नेटवर्किंगमोड=मिरर्ड’ हा पर्याय ही अडचण दूर करतो.

८ जीबी रॅमची तुमची काळजी मात्र रास्त आहे. डब्ल्यूएसएल मशीनच्या निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी, आणि शेजारी क्रोम उघडं असलं की लॅपटॉप धापा टाकू लागतो. विंडोजच्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ नावाची फाइल करून ‘[डब्ल्यूएसएल२]’ या मथळ्याखाली ‘मेमरी=३जीबी’ लिहा. लॉग फायलींसाठी ते भरपूर आहे, कारण ‘ग्रेप’, ‘सेड’, ‘ऑक’ ओळीमागून ओळ वाचतात, अख्खी फाइल मेमरीत घेत नाहीत. एक्सेलला न उघडणारी सीएसव्ही ही साधनं म्हणूनच सहज चाळतात. बदल केल्यावर ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ म्हणा आणि आठ-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू करा. नुसती खिडकी बंद केल्यानं नवी मर्यादा लागू होत नाही.

रात्री आपोआप चालणारं काम ‘क्रॉन’ (लिनक्सचं वेळापत्रक) मध्ये लावलंत तर ते चुकेल. वापर नसला की डब्ल्यूएसएल स्वतःच बंद होतं. तसलं काम विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लावून तिथून ‘डब्ल्यूएसएल.ईएक्सई’ ला बोलवा.

आणि बॅकअप. ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर उबुंटू’ या आज्ञेचं नाव साळसूद आहे, वाटतं नुसती नोंद काढेल. ती तुमची लिनक्सची डिस्क, आतल्या सगळ्या फायलींसकट, पुसून टाकते. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका मुलानं ‘काहीतरी बिघडलंय, पुन्हा बसवून बघतो’ म्हणून ती चालवली आणि तीन आठवड्यांचं काम गेलं. कमिट केलेलं होतं, पण पुश केलेलं, म्हणजे सर्व्हरवर पाठवलेलं, नव्हतं. त्या दिवसापासून मी पहिल्याच तासाला ‘डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट’ शिकवतो. एका टार फाइलमध्ये सगळं घर बांधून बाहेर ठेवता येतं आणि ‘--इम्पोर्ट’ नं पुन्हा उभं करता येतं. एकदा हे करून ठेवलं की बिनधास्त मोडतोड करा. शिकायला ती मोकळीक लागतेच.

ड्युअल बूटबद्दल. लिनक्स हेच तुमचं रोजचं घर करायचं असेल तर ड्युअल बूट उत्तम. पण तुमचं काम विंडोजमध्येही आहे, आणि दर वेळी मशीन बंद-चालू करून दुसरीकडे जायचं म्हटलं की माणूस जात नाही. मी हे इतक्यांदा पाहिलंय: पहिल्या आठवड्यात उत्साह, महिन्याभरात लिनक्सचं पार्टिशन पडून. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असलेल्या लॅपटॉपवर पार्टिशनला हात लावण्याआधी रिकव्हरी की हाताशी नसेल तर फजिती होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पूर्ण लिनक्स बसवण्याचं शिक्षणमूल्य मला मान्य आहे. मशीन बूट कसं होतं, डिस्कचे भाग कसे पाडतात, दोन मशीनांचं जाळं कसं जोडतात, हे डब्ल्यूएसएलमध्ये दिसतच नाही, तिथे व्हर्च्युअल मशीनच हवं. पुढे सर्व्हरच्या कामाकडे वळलात तर ते करा. गिट फॉर विंडोजबरोबर येणाऱ्या गिट बॅश या टर्मिनलची गोष्ट वेगळी. त्याचं मूळ सिगविनच्या घराण्यात आहे, जे १९९५ पासून चालत आलेलं आहे. तिथे लिनक्सच नाही, लिनक्सची ओळखीची साधनं विंडोजसाठी नव्यानं बांधलेली आहेत. कंपनीच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएलला परवानगी नसेल तर ‘ग्रेप’, ‘सेड’ शिकायला ते पुरेसं आहे. पण ‘ॲप्ट’ नं हवं ते बसवता येत नाही, आणि तुमच्या सहकाऱ्याच्या स्क्रिप्टा कुठेतरी अडतीलच.

राहिला प्रश्न शिकायचं कसं. शंभर आज्ञांच्या याद्या फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. तुमच्या कामातली एक खरी लॉग फाइल घ्या, ‘/होम’ मध्ये आणा आणि तिला एक खरा प्रश्न विचारा. समजा, कुठल्या प्रकारची चूक सर्वांत जास्त वेळा आली? आधी ‘लेस’ नं फाइल नुसती वाचा, घाई न करता. मग ‘ग्रेप’ नं चुकांच्या ओळी काढा. ‘ऑक’ नं त्यातला हवा तो रकाना घ्या. ‘सॉर्ट’ करा, ‘युनिक -सी’ नं मोजा, ‘सॉर्ट -एनआर’ नं मोठे आकडे वर आणा, ‘हेड’ नं पहिले दहा बघा. प्रत्येक पायरीला थांबून उत्तर डोळ्यांखालून घाला, मगच पुढचा पाइप जोडा. मधलं ‘सॉर्ट’ गाळून बघा, आकडे चुकतील. का? ‘युनिक’ फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं. हे पुस्तकात वाचून विसरायला होतं, स्वतःच्या फाइलवर चुकलेलं कोणी विसरत नाही.

पाइप युनिक्समध्ये आला १९७३ मध्ये, बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी धरलेल्या आग्रहामुळे. प्रत्येक साधनानं एकच काम नीट करावं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला मजकूर म्हणून द्यावं, एवढाच करार. पॉवरशेलचा पाइप दिसायला तसाच, पण त्यातून मजकूर जात नाही, ऑब्जेक्ट जातात, म्हणजे नाव, तारीख, आकार असे कप्पे असलेल्या वस्तू. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. पण पॉवरशेलमध्ये बसून ‘… | डब्ल्यूएसएल ग्रेप …’ असं लिहिलंत की त्या वस्तूंचे कप्पे उंबरठ्यावर गळून पडतात आणि पलीकडे निव्वळ ओळी पोचतात. तुम्हाला पॉवरशेल थोडंफार येत असेल तर हा फरक लवकर समजून घ्या. येत असलेलं वाया जात नाही, फक्त दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.

‘मॅन’ (प्रत्येक साधनाची माहिती देणारी पानं) वाचायची सवय लावा, सुरुवातीला कितीही रूक्ष वाटलं तरी. मी नव्या मुलांना रोज एका साधनाचं एकच पान वाचायला सांगतो आणि त्यातला एक नवा पर्याय दुसऱ्या दिवशी मला शिकवायला सांगतो. मलाही त्यातून नवीन मिळत आलंय.

तर आज एवढंच करा: ‘--एक्सपोर्ट’ नं प्रत काढून ठेवा, प्रोजेक्ट ‘/होम’ मध्ये नव्यानं क्लोन करा आणि दोन्ही ठिकाणी ‘टाइम गिट स्टेटस’ चालवून फरक स्वतः मोजा. स्क्रिप्टवर ‘फाइल’ चालवून तिची टोकं बघा. नव्या जागीही गिट हळूच वाटलं, तर ‘टाइप -ए गिट’ आणि ‘डब्ल्यूएसएल --लिस्ट --व्हर्बोज’ या दोन आज्ञांचं उत्तर मला कळवा. दुसरीत आवृत्तीच्या रकान्यात १ दिसत असेल तर तुमच्याकडे अजून तो जुना दुभाषीच बसलेला आहे, आणि मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल.